लष्करी उपग्रहाच्या वाहिनीवर अनाहूत आवाज आल्यास तक्रार कशी चालवावी

ब्राझीलमध्ये परवाना नसलेले लोक अनेक वर्षे अमेरिकी नौदलाच्या फ्लीटसॅटकॉम उपग्रहांवरून खुशाल गप्पा मारत असत. हे उपग्रह सुमारे 290 ते 320 मेगाहर्ट्झमध्ये वर आलेला संदेश 240 ते 270 मेगाहर्ट्झमध्ये तसाच खाली पाठवतात आणि तो कोणाचा आहे हे पाहत नाहीत, त्यामुळे दार उघडेच होते.

असा व्यत्यय दिसताच प्रथम आपलेच घर तपासावे. आपल्याच दोन वाहक लहरींच्या (संदेश वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरींच्या) मिश्रणातून उपजलेली तिसरी लहर परक्याच्या माथी मारली गेली, तर पुढच्या खऱ्या तक्रारीचेही वजन जाते. दोष आपला नाही हे ठरल्यावर मध्य वारंवारता, पट्ट्याची रुंदी, लहरीची पातळी (ताकद) आणि यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ यांची नोंद रोज ठेवावी. तोच संदेश शेजारच्या उपग्रहावरही उमटत असेल, तर दोन मार्गांनी पोचण्यातील वेळेच्या आणि वारंवारतेच्या फरकावरून उगमाचा प्रदेश काढता येतो.

यानंतरचा भाग सर्वांत नाजूक आहे. आयटीयू म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ; त्याच्या संविधानातील कलम 48 लष्करी रेडिओ यंत्रणांना पूर्ण स्वातंत्र्य देते; पण ‘आम्ही लष्कर आहोत’ एवढ्यावर संरक्षण मिळत नाही. आयटीयूच्या रेडिओ रेग्युलेशन्स या नियमावलीतील तळटीप 5.254 नुसार 235 ते 322 मेगाहर्ट्झचा पट्टा फिरत्या उपग्रह सेवेला (फिरत्या केंद्रांशी उपग्रहामार्फत होणाऱ्या संपर्काला) सशर्तच वापरता येतो आणि वारंवारता वाटपाच्या तक्त्यानुसार चालणाऱ्या इतर सेवांना तिने त्रास देता कामा नये. म्हणून आपली वारंवारता आयटीयूच्या आंतरराष्ट्रीय वारंवारता नोंदवहीत आहे का हे आधी पाहावे, आणि समोरचे केंद्र विनापरवाना असेल तर तक्रारीचा आधार त्याच नियमावलीतील तरतूद 18.1 ठेवावा, कारण ती परवान्याविना प्रक्षेपणास मनाई करते. माझ्या मते याहून भक्कम आधार नाही.

तक्रार सैन्याने थेट करायची नसते; ती एका देशाच्या प्रशासनाकडून दुसऱ्याकडे, त्याच नियमावलीच्या परिशिष्ट 10 च्या नमुन्यात जाते. भारतात हे काम दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा पाहते आणि उपग्रहांच्या मोजमापासाठीचे आंतरराष्ट्रीय देखरेख भूकेंद्र आपल्या जालन्यात आहे. उत्तर न आल्यास आयटीयूच्या जिनिव्हातील रेडिओ ब्यूरोचे साहाय्य मागता येते. मात्र जिनिव्हाकडे पोलीस नाहीत. ब्राझीलमध्येही मार्च 2009 मध्ये छापे घातले ते तिथल्याच संघीय पोलिसांनी, आणि त्यांच्या सोबत होती त्याच देशाची दूरसंचार नियामक संस्था अनातेल.