तिरफळाची ओळख करून घ्यायची तर

जिभेला नवं काही दाखवायचं असेल तर तिरफळ या सुक्या फळाच्या मसाल्यापासून सुरुवात करा. मालवण-गोव्याकडच्या बांगड्याच्या तिखल्याला, म्हणजे तिखट कालवणाला, जो वेगळाच वास असतो, तो याचाच. विकत घेताना टरफलं उकललेली, वास उग्र असलेली बघा. वास गेला असेल तर अजिबात घेऊ नका. आतलं काळं कुळकुळीत बी काढून टाका, ते कडवट असतं आणि दाताखाली कचकचतं.

अर्धा किलो बांगड्याला आठ-दहा टरफलं पुरतात. ती चार चमचे पाण्यात नुसती ठेचा आणि मासे शिजत आले की पाण्यासकट कालवणात घाला. दोन उकळ्या आल्या की गॅस बंद. वाटणात मात्र वाटू नका, कालवण कडू होतं आणि मग काही उपाय नाही. मासे खात नसाल तर तुरीच्या आमटीत चार टरफलं घालून बघा.

जेवताना टरफलं बाजूला काढायची. पण एक छोटा तुकडा मुद्दाम चावून पाहाच: आधी लिंबाच्या सालीसारखा वास, मग जिभेला झिणझिण्या. चीनमधली सिचुआन मिरी याच कुळातली. कधी मिळाली तर दोन्ही शेजारी ठेवून चाखा.