दार उघडलं नाही, त्याचाही एक रकाना ठेवा

माझ्या वहीत प्रत्येक पानाच्या उजव्या टोकाला एक अरुंद रकाना असतो. त्यात मी खुणा लिहिते. ‘कु’ म्हणजे कुलूप, ‘न’ म्हणजे नकार, ‘भा’ म्हणजे भाषा जुळली नाही, ‘ऐ’ म्हणजे समोरच्याला ऐकू येत नव्हतं आणि मी तयारीनिशी गेले नव्हते. वीसेक वर्षं दारोदार जाऊन प्रश्न विचारले, आता दुसऱ्यांना विचारायला शिकवते. सर्वांना सामावून घेणारी वस्ती, संस्था किंवा वाचनालय उभं करायचं असेल, तर उत्तरांइतकाच हा रकाना मन लावून वाचावा लागतो, असं माझं ठाम मत झालंय.

लोक येतात आणि म्हणतात, “ताई, आम्हाला सगळ्यांना बरोबर घ्यायचंय, एक सर्व्हे करून द्या.” मी विचारते, “उत्तर काहीही आलं तरी तुम्ही बदलणार काय?” बहुतेकदा शांतता. सभेची वेळ बदलता येईल? पत्रकं दुसऱ्या भाषेत काढता येतील? जिन्याला उतार करता येईल? जे बदलणं तुमच्या हातात आहे तेच विचारा. ज्या प्रश्नाच्या उत्तराने काहीच हलणार नाही, तो प्रश्न काढून टाका. माझ्या पहिल्या फॉर्मवर त्रेसष्ट प्रश्न होते. त्यातल्या चाळीसेकांचं मी आजतागायत काही केलेलं नाही आणि त्यांची उत्तरं देण्यात लोकांचा वेळ घालवला याची मला लाज वाटते.

प्रश्न लिहायला बसण्याआधी एक दिवस जनगणनेचे तक्ते घेऊन बसा. तुमच्या भागात कोणत्या वयाचे किती, बायका किती, पुरुष किती, घरात कोणत्या भाषा बोलल्या जातात, लिहितावाचता येणारे किती. हे एका कागदावर टक्क्यांत मांडा. शेजारच्या रकान्यात तुमच्याकडचं हजेरीपुस्तक मांडा: सभेला कोण आलं, सदस्य कोण, पदाधिकारी कोण. समजा वस्तीत साठीपुढची माणसं शंभरात १८ आहेत आणि तुमच्या सभेत शंभरात ४. एकही प्रश्न न विचारता तुम्हाला पहिली खूण मिळाली. आता दार कुठे ठोठवायचं ते कळलं.

पण जनगणनाही देवाघरून आलेली नाही, तीही माणसं चुकवते. अमेरिकेत २०२० च्या जनगणनेनंतर त्यांच्याच जनगणना विभागाने तपासणी केली, तेव्हा हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, लोकांची मोजणी ४.९९ टक्के आणि कृष्णवर्णीयांची ३.३ टक्के कमी झाल्याचं दिसलं. उलट हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्यांची १.६४ टक्के जास्तच झाली होती. लहान मुलंही अशीच सुटतात, कारण फॉर्म भरणाऱ्याला वाटतं की तान्ह्या बाळाचं काय लिहायचं. म्हणजे बाजूला पडलेले लोक मूळ तक्त्यातच कमी दिसतात आणि आपण त्याच तक्त्याला प्रमाण मानतो. म्हणून दुसरे दाखले शोधा: शाळेचा पट, दवाखान्याची नोंद, भाडेकरूंची यादी. आकडे जुळले नाहीत, तर न जुळण्याचं कारण शोधण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही. आणखी एक सावधगिरी: तक्ता भागाचा असतो, माणसाचा नसतो. एखाद्या वॉर्डात साक्षरता कमी आहे म्हणून तिथल्या समोरच्या बाईला वाचता येत नसेल, असं धरून चालू नका.

आता प्रश्नांकडे. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त इथेच बिघडतं.

सुरुवातीला मी विचारायची, “घरात कोणी अपंग आहे का?” एका घरी मुलाने झटक्यात सांगितलं, “नाही.” मी टिक केली. निघताना पाहिलं तर आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी एक आजी भिंतीला धरून उभ्या. मी विचारलं, “आजी, खाली उतरता का?” म्हणाल्या, “दोन वर्षं झाली, उतरले नाही.” मुलगा म्हणाला, “वय झालंय, बाकी काही नाही.” खोटं कोणीच बोललं नव्हतं. माझा शब्दच चुकला होता. ‘अपंग’ हा शिक्का बहुतेक लोक स्वतःवर आणि घरच्यांवर मारून घेत नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या छत्राखाली २००१ साली वॉशिंग्टन ग्रुप नावाचा गट तयार झाला. त्यांनी यावर सहा साधे प्रश्न काढले. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, यंत्र वापरूनही ऐकू यायला त्रास होतो का, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला किंवा लक्ष एकाग्र करायला, स्वतःची आंघोळ आणि कपडे करायला, आणि आपल्या नेहमीच्या भाषेत दुसऱ्याला समजावायला किंवा समजून घ्यायला. प्रत्येकाला चार उत्तरं: अजिबात त्रास नाही, थोडा त्रास, खूप त्रास, मुळीच जमत नाही. सहापैकी एकालाही ‘खूप’ किंवा ‘मुळीच नाही’ आलं, तर त्या व्यक्तीची अपंगांत गणना होते. ‘अपंग’ हा शब्द कुठेही उच्चारायचा नाही, प्रास्ताविकातसुद्धा नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी हे सहा प्रश्न चालत नाहीत, मुलांसाठी युनिसेफबरोबर केलेली वेगळी प्रश्नावली आहे. मनाच्या आजाराचा त्रासही या सहांतून नीट पकडला जात नाही, हे ध्यानात ठेवा.

प्रश्न बदलला की आकडा किती हलतो? भारताच्या २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचं प्रमाण २.२१ टक्के आलं. जागतिक आरोग्य संघटनेचा जगाचा अंदाज आहे १६ टक्के. सगळा फरक शब्दांचा नसेल, वयोमानाचा आणि व्याख्येचाही आहे. पण दोनशे घरांच्या वस्तीत रॅम्प बांधायचा की नाही, हे ठरवणाऱ्याच्या हातात २ टक्के आहेत की १६, यावर निर्णय फिरतो.

भाषेचंही असंच. “मातृभाषा कोणती?” याचं उत्तर अभिमानाचं असतं, उपयोगाचं नसतं. मी दोन वेगळे प्रश्न विचारते: घरात कोणकोणत्या भाषा बोलता, आणि सूचनेचा कागद आला तर कोणत्या भाषेत वाचायला सोयीचं पडेल? पहिल्याला अनेक उत्तरं चालतात. दुसऱ्याला “मला कोणीतरी वाचून दाखवतं” असं उत्तर ठेवायलाच हवं. ते नसेल तर माणूस ओशाळून कुठलीतरी भाषा सांगतो. लिंगाच्या प्रश्नात लोकांना आपलं उत्तर आपल्या शब्दांत लिहायला एक रिकामी ओळ द्या आणि “सांगायचं नाही” हा पर्यायही द्या. जात, धर्म, उत्पन्न यांची खरंच गरज असेल तरच विचारा, आणि शेवटी विचारा. पहिल्याच मिनिटाला विचारलं, तर पुढची सगळी उत्तरं तोलूनमापून येतात.

उत्तर देणार कोण, हेही ठरवून जा. दार उघडतो तो बोलतो, नाहीतर कुटुंबप्रमुख बोलतो, आणि सुना, भाडेकरू, घरकाम करणाऱ्या मुली कागदावर येतच नाहीत. लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ साली घरातल्या प्रौढांमधून चिठ्ठी टाकल्यासारखी एक व्यक्ती निवडायची पद्धत मांडली. तिचा तक्ता जरा किचकट आहे. हौशी मंडळींसाठी सोपी वाट म्हणजे घरातल्या प्रौढांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार आहे, त्याच्याशी बोलायचं. सासरे नाराज होतात. होऊ द्यात.

किती जणांना विचारायचं? यादीतून खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडले असतील, तर १०० जणांत चूक साधारण १० टक्के इकडेतिकडे, ४०० जणांत ५ टक्के, १६०० जणांत अडीच टक्के. म्हणजे अचूकता दुप्पट हवी तर माणसं चौपट. आणि चिठ्ठ्या टाकल्याच नसतील, तर लाख उत्तरंही वाचवत नाहीत. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि साप्ताहिकाने जाहीर केलं की लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून, मंदीच्या काळात. शिवाय परत पाठवण्याची तसदी कोणी घेतली, हाही प्रश्न होताच. व्हॉट्सॲपवर लिंक फिरवून “चार हजार प्रतिसाद आले” म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट दरवेळी सांगते, त्यांना ती दरवेळी आवडत नाही.

आता खरी मेख. ४०० जण चिठ्ठीने निवडले आणि एखादा गट लोकसंख्येत ५ टक्के असेल, तर त्यातले तुमच्याकडे येतील फक्त २०. वीस जणांवर चूक २२ टक्क्यांच्या घरात जाते, म्हणजे काहीच सांगता येत नाही. म्हणून लहान गटातून मुद्दाम जास्त माणसं घ्या. समजा ४०० पैकी १०० त्या गटातले घेतले. नमुन्यात ते २५ टक्के झाले, खऱ्यात ५ आहेत, म्हणून एकूण आकडा काढताना त्यांच्या प्रत्येक उत्तराला ०.२ वजन द्या आणि बाकीच्यांना ९५ भागिले ७५, म्हणजे साधारण १.२७. आता समजा लहान गटातल्या ८० टक्क्यांना उतार हवाय, बाकीच्यांत १० टक्क्यांना. वजन न देता आकडा २७.५ टक्के दिसेल, वजन देऊन १३.५. बरोबर आकडा साडेतेरा आहे आणि समितीच्या बैठकीत तोच सगळ्यात घातक ठरतो. “फक्त साडेतेरा टक्क्यांसाठी एवढा खर्च?” असं कोणीतरी म्हणणारच. म्हणून एकूण सरासरी मी कधीच एकटी पाठवत नाही. गटवार ८० आणि १० शेजारीशेजारी, मोठ्या अक्षरात, आणि सरासरी खाली.

आता माझ्या उजवीकडच्या रकान्याकडे. एका घरी तीनदा जा, तीन वेगळ्या वेळी: एकदा सकाळी, एकदा दिवे लागणीनंतर, एकदा सुट्टीच्या दिवशी. प्रत्येक खेपेला खूण करा. शेवटी तिसऱ्या खेपेला भेटलेल्यांची उत्तरं पहिल्या खेपेवाल्यांशी ताडून पाहा. फार वेगळी असतील, तर जे कधीच भेटले नाहीत ते आणखी वेगळे असणार असं धरा. ‘भा’ च्या खुणा एका गल्लीत गोळा झाल्या, तर ती भाषा बोलणारी स्वयंसेविका शोधा. ‘न’ जास्त असतील, तर आपल्या वागण्यात काय खुपलं ते विचारा. एकदा एका गल्लीत ओळीने नकार आले. नंतर कळलं, आमच्यातल्या एकाच्या हातातली फाइल जप्तीच्या नोटिशीसारखी दिसत होती.

गुप्ततेवर मी कठोर आहे. जन्मतारीख मागू नका, वय पुरतं. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं की टपालाचा पिन, जन्मतारीख आणि लिंग या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येण्याजोगे ठरतात, नाव न लिहिताही. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर, वेगळ्या कपाटात ठेवा, काम झालं की फाडून टाका. तक्त्यात पाचपेक्षा कमी माणसांचा रकाना छापू नका, शेजारच्या गटात मिळवा. ‘अमुक इमारत, ऐंशीपुढच्या, एकट्या राहणाऱ्या: १’ हे छापणं म्हणजे चोराला पत्ता देणं. आणि नेदरलँड्सची गोष्ट विसरू नका. तिथली लोकसंख्येची नोंदवही नीटनेटकी होती, तिच्यात धर्माचीही नोंद होती. नाझींनी देश व्यापल्यावर ज्यू शोधायला तिचाच उपयोग झाला. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयावर हल्ला करून कागद जाळायचा प्रयत्न केला. आज चांगल्या हेतूने भरलेला रकाना उद्या कोणाच्या हातात असेल ते आपल्याला ठरवता येत नाही. सांभाळता येणार नसेल ते गोळाच करू नका.

आकडे हातात आले की अहवाल लिहायच्या आधी ते लोकांसमोर ठेवा आणि विचारा, हे असं का आलं असेल? ही सभा आम्ही पहिल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावर घेतली. पायऱ्यांचा त्रास सांगणाऱ्यांचे आकडे आम्ही अशा खोलीत वाचून दाखवत होतो, जिथे त्यांच्यातलं एकही माणूस पोचू शकत नव्हतं. हे कोणाच्या लक्षात यायला अर्धा तास गेला.

पुढच्या खेपेला सभा खाली, अंगणात. त्या आजींना दोघांनी खुर्चीतून उतरवलं. पायऱ्यांचा तक्ता पाहून त्या म्हणाल्या, “उतरायला जमेल गं, मध्ये टेकायला जागा नाही.” आमच्या फॉर्मवर तो प्रश्नच नव्हता. पुढच्या वर्षी बाकीचे प्रश्न शब्दही न बदलता तसेच ठेवले, कारण शब्द बदलले तर दोन वर्षांची तुलना होत नाही, आणि खाली एक नवा जोडला: जिन्यात मध्ये बसायला जागा हवी का? साठीपुढच्यांच्या रकान्यात त्याला उतारापेक्षाही जास्त ‘हो’ आले.