एसटी स्टँडवर पाण्याची बाटली घेताना एवढं बघाच

परवा स्टँडवर गाडी सुटायच्या घाईत बाटली घेतली, झाकण फिरवलं तर कट्ट असा आवाजच नाही, नुसतं गोल फिरलं, म्हणजे आधी कोणीतरी उघडून नळाचं पाणी भरलेलं, तशीच परत दिली. तेव्हापासून सवय लावून घेतलीये, पैसे द्यायच्या आधी बाटली उलटी करून थोडी दाबायची, थेंब जरी आला तरी नको. झाकणाखालची रिंग अखंड पाहिजे. नाव नीट वाचा, ओळखीच्या ब्रँडसारखं दिसणारं एखादं अक्षर बदललेलं नाव भरपूर ठिकाणी असतं 😄

लेबलवर आयएसआय मार्क असेल तर त्याच्या वर आयएस 14543 (पॅकबंद पिण्याच्या पाण्याच्या मानकाचा नंबर) आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये (आयएसआय मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेचं ॲप) टाकला की कंपनीचं नाव-पत्ता येतो, लेबलशी जुळतंय का बघायचं. मिनरल वॉटर म्हणून विकत असतील तर आयएस नंबर वेगळा, 13428. एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा संस्था) 14 आकडी लायसन्स नंबर आणि पॅकिंगची तारीख पण बघा. आणि दुकानाबाहेर उन्हात रचून ठेवलेल्या खोक्यातली नको, आतली मागा, दुकानदार तोंड वाकडं करतो पण देतो.

रिकामी बाटली चुरगळूनच टाका, नाहीतर तीच भरून परत विकायला येते.