अनोळखी तळ्यावर गळ टाकायचाय? परवानगी मागताना या चुका टाळा

रविवारी सकाळी पुण्यातून गाडी काढायची, मुळशीकडे नाहीतर सासवडकडे निघायचं आणि रस्त्यात तळं दिसलं की रॉड बाहेर, हे आपल्यातले बरेच जण करतात आणि मग कोणी हाकललं की गावातली लोकं नीट बोलत नाहीत म्हणतात. अहो पण त्या पाण्यात कोणीतरी पैसे मोजून बोटुकली, म्हणजे बोटभर माशांची पिल्लं, सोडलेली असते, रोहू-कटला किलोभर व्हायला वर्षभर सांभाळावी लागते, ते त्यांचं पीकच आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भलत्याच माणसाला विचारणं. मी स्वतः केलीये. पुरंदरमधल्या एका पाझर तलावावर शेळ्या चारणाऱ्या काकांना विचारलं, ते म्हणाले टाका की, कोण बोलतंय. तासाभरात बाईकवर दोघं आले, तलावाचा ठेका त्यांच्याकडे होता आणि ते चिडले ते बरोबरच होतं. तेव्हापासून मी "इथे मासे धरू का?" असं विचारतच नाही, "काका, तळ्यातले मासे कोणाचे आहेत?" असं विचारतो. कारण पाणी एकाचं आणि मासे दुसऱ्याचे असं खूप ठिकाणी असतं. पाझर तलाव किंवा गावतळं ग्रामपंचायतीचं नाहीतर जिल्हा परिषदेचं असतं, पण मासेमारी बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थेला किंवा ठेकेदाराला दिलेली असते, त्यामुळे सरपंच हो म्हणाले तरी ठेकेदाराला विचारायचंच. शेततळं असेल तर शेतकरी. गट नंबर कळला तर महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर सातबारा बघता येतो पण त्यावर भावाभावांची पाच-सहा नावं निघतात, म्हणून प्रत्यक्ष शेत कोण कसतं ते शेजारच्या वस्तीवर विचारलेलं बरं.

दुसरी चूक, मालक नाही म्हणाला की माशांवरून घासाघीस करत बसणं. शेततळ्याचा मालक नकार देतो तो बऱ्याचदा माशांसाठी नसतोच. तळ्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही, पोहता येणारा माणूससुद्धा आत गेला तर वर येऊ शकत नाही, आणि असं काही झालं तर पोलीस त्याच्या दारात येणार. शिवाय गळ कागदात अडकून भोक पडलं तर उन्हाळ्यासाठी साठवलेलं पाणी गेलं. म्हणून आपणच आधी सांगायचं की दादा, काठावरूनच टाकणार, कागदावर पाय ठेवणार नाही, लहान मुलं आणणार नाही, गळ अडकला तर ओढणार नाही, दोरी कापणार. एवढं ऐकून माणूस खरंच सैल होतो.

आणि पहिल्या भेटीला रॉड गाडीतच राहू द्या, चौघांनी एकदम उतरू नका. मासे परत सोडणार की नेणार, नेणार तर किती, तेही आधीच बोला. फोटो टाकलात तरी लोकेशन टाकू नका, पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या उभ्या राहतात आणि त्रास त्या शेतकऱ्याला.

काही ठिकाणी विचारायचाच प्रश्न नाही, कात्रजचा तलाव प्राणिसंग्रहालयाच्या आवारात येतो, खडकवासल्याला एका बाजूला एनडीएची, म्हणजे लष्करी प्रबोधिनीची हद्द आहे, तिकडे जाऊच नका.

एकदा मिळालेली परवानगी कायमची धरू नका. सासवडजवळच्या एका शेततळ्यावर मी तीन वर्षं जातोय तरी आदल्या दिवशी फोन करतोच. परवा दादा म्हणाले, या आठवड्यात नको, व्यापारी येणारे मासे उचलायला. मग पुढचा रविवार ठरला.