पक्का दात पडला, दुधात ठेवला

असगोलीत पुतण्या जांभ्याच्या पायरीवर आपटला आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर. आजी म्हणाली, "टाक कौलांवर!" दुधाचा असता तर टाकलाही असता, तो परत बसवत नाहीत. हा पक्का होता. मुळाला हात न लावता पांढरा भाग चिमटीत धरला, लागलेली माती दुधाने हलकेच धुतली, घासली नाही. लगेच जागेवर बसवणं सर्वांत चांगलं, पण पोरगं तोंड उघडेल तर शपथ! मग दात दुधाच्या पेल्यात आणि रिक्षा गुहागरला. साध्या पाण्यात मुळावरच्या पेशी मरतात. तास उलटला की दात जगण्याची आशा बरीच कमी होते. डॉक्टरांनी दात बसवून शेजारच्यांना तारेने बांधला, साधारण २ आठवड्यांसाठी. धनुर्वाताच्या इंजेक्शनचीही चौकशी केली. रूट कॅनाल मात्र चुकलं नाही.