कोल्हापुरात राहायचं आणि पायात ब्रेस, तर मग काय काय जोडण्या लावायच्या

कोल्हापूरच्या माणसाच्या पायात कोल्हापुरी नाही म्हणजे लई अवघड विषय, आणि माझ्या पायात गेली सात वर्षं नाही. दोन्ही पायांना एएफओ आहे, म्हणजे पोटरीच्या मागून खाली येऊन तळव्याखाली जाणारा पांढऱ्या प्लॅस्टिकचा ब्रेस. आजार शार्को-मारी-टूथ, थोडक्यात सीएमटी. नावात टूथ असलं तरी दाताशी काय संबंध नाही, १८८६ साली ज्या तीन डॉक्टरांनी हा आजार लिहून ठेवला त्यातल्या एकाचं आडनाव ते, हे मी पाव्हण्यांना किमान पन्नास वेळा सांगितलंय. बहुतेक वेळा आईबापाकडून जीन्समधून येतो, हातापायाकडं जाणाऱ्या नसा हळूहळू कमजोर होतात, चवडा वर उचलत नाही, लोंबतो, आणि माणूस सपाट फरशीवर पण ठेचकाळतो. बरं करणारं औषध अजून नाही. ब्रेस एवढंच करतो की चवडा धरून ठेवतो, मग अंगठा अडकत नाही.

कोल्हापुरी का चालत नाही तर तिला मागं पट्टा नसतो, ती अंगठ्यानं आणि चवड्यानं धरून ठेवावी लागते आणि आमची नेमकी तीच ताकद गेलेली. त्यामुळं पहिलं काम, घरातल्या सगळ्या चपला भावाला देऊन टाका, मोह नको. मी एक जोड ठेवलाय, कपाटावर, नुसता बघायला.

आता मुद्द्याचं. ब्रेस दुकानातनं एस एम एल साइज बघून घेऊ नका. मी पहिला तसाच घेतला होता, दुकानदार म्हणाला बसतोय की, आणि तीन आठवड्यात बाहेरच्या घोट्यावर ही एवढी जखम. सीएमटीत पायाला जाणीव कमी असते त्यामुळं दुखलंच नाही, मोज्याला रक्त लागलेलं वहिनीला धुताना दिसलं तेव्हा कळलं. पायाचा प्लॅस्टरचा साचा घेऊन त्यावर बनवलेलाच घ्या. साचा घेताना पाय ज्या कोनात धरतील त्याच कोनात तुम्ही पुढची काही वर्षं चालणार, म्हणून घाई करू देऊ नका, आणि आपला पाय आत वळतो का, कमान उंच आहे का (सीएमटीत बहुतेकांची असते) हे स्वतःहून सांगा. ट्रायलला जाताना जे बूट रोज घालणार ते घेऊन जा, अनवाणी ट्रायलला काय अर्थ नाही.

घालायची पण पद्धत आहे आणि ती कोण नीट सांगत नाही. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात. मोजा वर ओढून सुरकुती काढा. आता पाय आत सरकवा आणि टाच मागं ढकला, अजून ढकला, एकदा जमिनीवर टाच आपटा, आणि त्यानंतर घोट्याच्या पुढचा पट्टा आधी लावा, पोटरीचा नंतर. उलटं केलं की टाच वर उचललेली राहते, दिवसभर आत घासते आणि संध्याकाळी आपण ब्रेसला शिव्या घालतो. मी अजून सकाळी घाई असली की उलटं करतो आणि नऊ वाजता ऑफिसात बूट काढून परत घालतो. टाच बसली का बघायला पट्टा लावल्यावर पाय वर ओढून बघा, टाच जागची हलली तर बसली नाही.

मोजे गुडघ्यापर्यंतचे पाहिजेत, ब्रेसच्या वरच्या काठाच्या पण वर गेले पाहिजेत, नाहीतर काठ कातडीला लागतो. बोटांवर जाडी शिवण असेल तर मोजा उलटा घाला, कोण बघतंय.

बुटाचं मात्र लई डोकं लावायला लागतं. साधारण एक साइज मोठा, रुंद, आतली गादी निघणारी, लेस किंवा वेल्क्रो खालपर्यंत उघडणारा. गादी काढून टाकली की ब्रेसला जागा होते. टाच उंच असलेला बूट घेऊ नका, ब्रेस ज्या उंचीसाठी बनवलाय त्यापेक्षा टाच वर गेली की तो गुडघा पुढं ढकलतो आणि जिना उतरताना आपण आपोआप पळायला लागतो. एकाच पायाला ब्रेस असेल तर दुसऱ्या बुटातली गादी काढू नका, उंची तीच राहू द्या. लग्नात काळे बूट पाहिजेत म्हणून साधे कॅनव्हासचे काळे घ्या, फोटोत कळत नाही.

नवीन ब्रेस पहिल्याच दिवशी घालून रंकाळ्याला फेरी मारायला जायचं नाही. पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडं थोडं वाढवत दीड-दोन आठवड्यात पूर्ण दिवस. काढल्यावर कातडी लाल दिसणार, ते चालतं, पण अर्ध्या तासात लाली गेली पाहिजे. नाही गेली, किंवा फोड आला, तर ब्रेस बंद आणि बनवणाऱ्याकडं परत, तो प्लॅस्टिक गरम करून तेवढी जागा फुगवून देतो. घरी मेणबत्तीवर धरून करू नका. रात्री झोपताना तळवा आणि टाच आरशात बघायची, रोज, मी ब्रश करतो तेव्हाच बघतो म्हणजे विसरत नाही.

उन्हाचं पण तेच. मी एकदा ब्रेस धुऊन एप्रिलमध्ये गच्चीवर पत्र्यावर वाळत घातला, चूक माझीच, आणि दुपारी आणायला गेलो तर काठ वाकडा झालेला. ओल्या फडक्यानं साबण लावून पुसायचं, टॉवेलनं कोरडा करायचा, सावलीत ठेवायचा, संपलं. बंद गाडीत पण ठेवू नका.

पावसाळा म्हणजे आपल्याकडं चार महिने बूट ओले. बुटांचे दोन जोड लागतातच, एक वर्तमानपत्र कोंबून वाळत. पिशवीत कोरडे मोजे ठेवा, भिजला मोजा ब्रेसच्या आत दिवसभर राहिला की कातडी पांढरी पडते आणि मग सोलते.

अंबाबाईला जाताना बूट बाहेर काढायला लागणार आणि नुसता ब्रेस दगडी फरशीवर घसरतो, ओली असेल तर विचारू नका. मी मोजा ब्रेसच्या वरून घालतो, खाली रबराचे ठिपके असलेला, आणि भावाच्या खांद्यावर हात. गर्दीच्या दिवशी महाद्वारातनंच हात जोडतो, देवीला माहिती आहे.

पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. केएमटीत म्हणजे शहर बसमध्ये चढताना पण हेच, आणि दांडी धरल्याशिवाय दुसरा पाय उचलायचा नाही, कंडक्टर ओरडू दे. जेवायला पंगतीत खाली बसायचं असेल तर बसाल, उठायचं काय? सरळ खुर्ची मागा. तांबडा-पांढरा खुर्चीवर पण तेवढाच तिखट लागतो. गाडीचं म्हणाल तर उजव्या पायाला घट्ट ब्रेस घालून कार चालवू नका, घोटा हलत नाही आणि ब्रेकचा अंदाज चुकतो. हातानं चालणारे कंट्रोल बसवून लायसन्सवर तशी नोंद करून घेता येते.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत पण करा. यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज, तपासणी सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं की बऱ्याच सवलती चालू होतात. जाताना नसांच्या तपासणीचा म्हणजे एनसीव्हीचा रिपोर्ट न्या, कारण ब्रेस घालून आपण बरे चालतो आणि बघणाऱ्याला वाटतं ह्याला काय झालंय. तिथं ब्रेस काढून चालून दाखवा, लाजू नका. आणि कुठल्याही डॉक्टरकडं गेलं की सीएमटी आहे हे आधी सांगायचं, कॅन्सरवरचं व्हिन्क्रिस्टीन नावाचं औषध आपल्या नसांना वाईट आहे.

राहता राहिलं वेल्क्रो. त्यात मोज्याची लव अडकून वर्षभरात ते धरायचं बंद होतं. जुन्या टूथब्रशनं खरवडून काढा, त्यानं भागलं नाही तर नवीन पट्ट्यासाठी ब्रेसवाल्याकडं पंधरा दिवस थांबू नका. आमच्या गल्लीच्या तोंडाला चप्पल शिवणारे मामा बसतात, ते दहा मिनिटात दोन्ही पट्टे डबल टाके मारून देतात, आणि दर वेळी विचारतात, कोल्हापुरी कधी घालणार.