नुसती लिंक चिकटवली म्हणजे संदर्भ झाला नाही

प्रोजेक्टच्या शेवटी लिंका ओळीने चिकटवून वर 'संदर्भ' असं हेडिंग मीही एकदा ठोकलं होतं, गाईडने पहिल्या तीन उघडल्या तर दोन बंद. तेव्हा कळलं की लिंक म्हणजे नुसता पत्ता, तिथे कोण राहतं ते आपणच लिहायचं असतं.

म्हणून पेज उघडल्या उघडल्या टिपून ठेवा: कोणी लिहिलं, कधी, शीर्षक काय, साइट कुठली, आणि मग लिंक. नंतर करू म्हणालात तर रात्री दोन वाजता ब्राउझरची हिस्ट्री उकरत बसाल.

लेखकाचं नाव नसलं तर घाबरू नका, संस्थेचा रिपोर्ट असेल तर संस्थाच लेखक, तेही नसेल तर एपीए या संदर्भ लिहिण्याच्या स्टाइलमध्ये शीर्षक उचलून पुढे आणतात. तारीख नसेल तर सालाच्या जागी 'एन.डी.' म्हणजे नो डेट. पण पेजच्या तळाशी कॉपीराइटचं साल दिसतं ना, ते उचलू नका हां, ते अख्ख्या साइटचं असतं, त्या लेखाचं नाही.

जर्नलमधला पेपर असेल तर डीओआय, म्हणजे त्या पेपरचा कायमचा ओळख क्रमांक शोधा, तो 10 ने सुरू होतो, आणि साइटचा पत्ता बदलला तरी प्रकाशकाने नवीन पत्ता नोंदवला की तीच लिंक चालत राहते, म्हणून डीओआय असताना साधी लिंक देऊच नका.

पेज कधी बघितलं ती तारीख द्यायची का यावर प्रत्येक स्टाइलचं वेगळं. एपीएच्या 7 व्या आवृत्तीत फक्त सतत बदलणाऱ्या पेजला लागते, एमएलएत ऐच्छिक, हार्वर्डमध्ये सहसा मागतात. टिपून ठेवायला काय जातंय? आणि पेज उद्या गायब होईल असं वाटलं तर वेबॅक मशीन या जुनी वेबपेजं साठवणाऱ्या साइटवर सेव्ह करून ती लिंक पण जवळ ठेवा.

झोटेरो हे संदर्भ जमवायचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे, एका क्लिकवर माहिती भरतो, पण कधीकधी लेखकाच्या जागी भलतंच काहीतरी बसवतो, त्यामुळे डोळे झाकून विश्वास नको.

वेबपेजला पान नंबर नसतो, मग शब्दशः वाक्य उचललं तर एपीएत कंसात आडनाव, साल आणि परिच्छेद क्रमांक द्यायचा, हो, परिच्छेद मोजावे लागतात.

सबमिट करायच्या आधी सगळ्या लिंका इनकॉग्निटोमध्ये उघडून बघा, कुठे लॉगिन मागितलं तर ती कॉलेज लायब्ररीच्या लॉगिनमधून आलेली लिंक असू शकते, ती बदला.